सहा ओळींची जागा

गुरुबसप्पा मास्तरांच्या हातात लाल पेन्सिल आली की समोरच्या कागदाचं काही खरं नसे. सोलापुरात म्युनिसिपालटीच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी मराठी शिकवलं, आणि तीस वर्षांत एका पोराच्या पाठीवर शाबासकीचा हात पडला असेल तर शपथ. एकाहत्तर साली रिटायर झाले तेव्हा शाळेनं शाल, नारळ आणि मानपत्र दिलं. शाल त्यांनी ठेवून घेतली, नारळ फोडून खाल्ला, आणि मानपत्रातल्या चौदा चुकांवर लाल खुणा करून ते हेडमास्तरांकडे परत धाडलं. लोक पाठीमागं हसायचे, पण तोंडावर बोलायची कुणाची टाप नव्हती.

त्यांची एकुलती लेक मंगळवेढ्याला दिलेली. ती महिन्याकाठी पत्र टाकायची. बायकोला, महादेवीला, अक्षराची ओळख नव्हती. मास्तर आधी एकटेच बसून पत्र दुरुस्त करायचे आणि मग तिला वाचून दाखवायचे. सासू हात उचलते, पोटाला देत नाही, असलं काही लेकीनं लिहिलं असलं की त्यावर पेन्सिल फिरायची. बाई हाय खाईल आणि घरात रडारड होईल, एवढाच त्यांचा हिशोब. आपली पोर सुखात आहे असं महादेवी मरेपर्यंत धरून चालली होती. ह्याला कुणी माया म्हणत असेल तर खुशाल म्हणावं.

रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून ते शुक्रवार पेठेतल्या एका छापखान्यात प्रुफं तपासायला जाऊ लागले. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, जत्रेची पत्रकं, येईल ते. अक्षरांचे खिळे जुळवायला इसूफ होता. वीस वर्षं शिशाचे खिळे वेचून त्याची बोटं काळी पडलेली, आणि बोलणं असं मोजकं की दिवसभरात चार वाक्यं झाली तर खूप. मास्तर एखादी ओळ उडवायचे, इसूफ निमूट चिमट्यानं खिळे उपसून परत आपापल्या खणात टाकायचा.

चौऱ्याहत्तर साली त्या छापखान्यात अक्कलकोट रस्त्यावरच्या मठाचं काम आलं. त्या मठाचे धर्मवीर रेवणय्या कोण, ते आधी सांगायला पाहिजे. छत्तीस सालची गोष्ट. मठाची पालखी दर वर्षी वस्तीतून फिरायची आणि वतनदाराच्या दारावरनं जायची. पालखी आली की वतनदारानं ओट्यावरून खाली उतरून हात जोडायचे, अशी रीत. त्या साली नवीनच वतन हाती आलेला पोरगेला वतनदार म्हणाला, मी उतरणार नाही, पालखी मागच्या बोळानं न्या. गावानं मुकाट मान डोलावली. मठातला एक तरुण जंगम तेवढा नाही म्हणाला. त्यानं पुढची दांडी खांद्यावर घेतली आणि पालखी सरळ दारावरनं काढली. वतनदाराच्या माणसांनी त्याला काठ्यांनी झोडपला. बरगड्या मोडल्या, डोकं फुटलं, पण दांडी खांद्यावरून हलली नाही. पालखी दार ओलांडून पारापाशी पोचली, तिथं ती दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन तो खाली बसला तो पुन्हा उठला नाही. रीतीप्रमाणं त्याच्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवून त्याला बसता मातीत ठेवला. तोच रेवणय्या. पुढं लोक त्याला धर्मवीर म्हणू लागले.

मागं राहिली बायको, शिवबाई. लग्नाला सात महिने झालेले, वय पंधरा. माहेरी कोणी उरलं नव्हतं. मठानं तिला स्वयंपाकघराला लागून एक खोली दिली आणि दासोहात, म्हणजे मठाच्या रोजच्या पंगतीत, एक पान दिलं. त्या खोलीत अन् त्या पानावर तिनं अडतीस वर्षं काढली. फुकट नव्हे. भांडी घासली, वाती वळल्या, विभूतीच्या वड्या पाडल्या. बहात्तरच्या दुष्काळात पंगत तिप्पट झाली तेव्हा ही बाई दिवसाला दोन-दोनशे भाकऱ्या थापायची. डोळ्यांत फूल पडत चाललं होतं तरी हात थांबला नाही. तिचं कौतुक कुणी केलं नाही आणि तिनं मागितलंही नाही.

तर त्या साली रेवणय्यांच्या समाधीवर संगमरवर चढवायचा ठरला, आणि त्या निमित्तानं स्मरणिका काढायची ठरली. मठाच्या पंचकमिटीचे अध्यक्ष चनमल्लप्पा, चादरींचे मोठे व्यापारी. त्यांच्याच संस्थेच्या शाळेत निंगप्पा नावाचा तरुण शिक्षक होता, त्याला चरित्र लिहायला सांगितलं. बिचाऱ्यानं सायकलवर फिरून, म्हाताऱ्याकोताऱ्यांपुढं बसून, सोळा पानं लिहिली. शिवबाईपाशी तर तो चार दिवस बसला. आणि शेवटच्या पानावर त्यानं हे लिहिलं:

“त्या सकाळी रेवणय्या निघाले तेव्हा त्यांची पत्नी शिवबाई चुलीपुढे होती. जेवून जा, असे ती म्हणाली. ‘भाकरी झाकून ठेव, पालखी पोचवून येतो,’ एवढे बोलून ते गेले. ती भाकरी तिने तीन दिवस झाकून ठेवली होती. शिवबाई आजही मठात राहतात.”

मास्तरांनी हे वाचलं आणि त्यांचं डोकं उठलं. अरे, धर्मवीराचं चरित्र लिहितोस की खानावळीची जाहिरात? मरायला निघालेला माणूस भाकरीचं बोलतो? त्यांनी इसूफला ऐकू जाईल असं म्हटलं, की ह्या पोराला लिहायला कुणी बसवला. आणि एक लाल रेघ मारली, आडवी, सहाच्या सहा ओळींवर. त्यांना त्यात काही वाईट केल्यासारखं वाटलं नाही. उलट लेख सुधारला म्हणून ते चहा प्यायले.

आता छापखान्याचं एक असतं. पान भरलं पाहिजे. पुढच्या पानावर समाधीच्या चित्राचा ब्लॉक होता आणि ते पान आदल्या दिवशीच छापून झालं होतं. मजकूर मागंपुढं सरकवायला वाव नव्हता. सहा ओळी गेल्या की चरित्राच्या ऐन शेवटाला सहा ओळींचं भगदाड. इसूफ जुळवलेल्या खिळ्यांची गॅली घेऊन टेबलापाशी आला आणि म्हणाला, मास्तर, सहा ओळी द्या, मशीन थांबलंय.

मास्तर म्हणाले, घे. उभ्या उभ्या सांगितल्या त्यांनी. तीस वर्षं निबंध तपासलेला माणूस, त्याला काय अवघड?

“धर्मवीर रेवणय्या आजन्म ब्रह्मचारी होते. स्त्रीसंसाराचा पाश त्यांनी जवळही येऊ दिला नाही. प्राण जाता जाता ते उद्गारले, ‘देह पडला तरी चालेल, धर्म पडता कामा नये.’ ज्याच्या मागे रडणारे कोणी नसते, तोच धर्मासाठी मरू शकतो.”

इसूफचा हात खिळ्यांवर थांबला. त्यानं मूळ कागद वाचलेला होता, जुळवलेला होता.

“मास्तर, ती बाई जित्ती हाय नव्हं?”

“आहे की,” मास्तर म्हणाले. “तिला वाचता कुठं येतं?”

इसूफनं ओळी जुळवल्या. प्रुफात मास्तरांना एक अनुस्वार राहिलेला सापडला, त्यावरून त्यांनी त्याची खरडपट्टी काढली. मग निंगप्पाचे सोळा कागद घरी नेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीचं पाणी तापवायला बंबात घातले. पाणी चांगलं कढत झालं होतं.

सोहळ्याच्या दिवशी दोन हजार माणूस जमलं. चनमल्लप्पांनी स्मरणिकेतलं शेवटचं पान मोठ्यानं वाचलं, आणि त्या सहा ओळींना आले तेव्हा, छापलंय ते छापलंय म्हणून, आवाज आणखी चढवला. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. एक म्हातारा तर उठून उभा राहिला आणि म्हणाला, मी ऐकलंय, माझ्या ह्या कानांनी ऐकलंय, रेवणय्या असंच बोलले होते. शिवबाईनं यातलं काही ऐकलं नाही. ती मागं चुलीपुढं होती, दोन हजार माणसांच्या भाकऱ्या करणाऱ्या बायांत. महिन्याच्या आत त्या सहा ओळी काळ्या दगडात कोरून समाधीच्या दारात बसवल्या. मास्तरांनी कोरणाऱ्याचंही काम तपासलं.

निंगप्पानं मास्तरांना पत्र लिहिलं. रागाचं पत्र होतं. तुम्ही एका जिवंत बाईला मारलंत, असं त्यात होतं. मास्तरांनी त्या पत्रातल्या नऊ चुका लाल पेन्सिलीनं दुरुस्त केल्या, खाली दहापैकी तीन मार्क दिले आणि परत धाडलं. निंगप्पा पुढं काही बोलला नाही. चनमल्लप्पांच्याच शाळेत नोकरी, घरात चार खाणारी तोंडं. बोलणार काय, कपाळ?

मग व्हायचं ते झालं. बाहेरगावचे भक्त येऊ लागले, दगड वाचू लागले आणि विचारू लागले, महाराज ब्रह्मचारी, मग ही आत कोण बाई आहे, त्यांची बायको म्हणवणारी? चनमल्लप्पांना सगळं ठाऊक होतं. लहानपणी शिवबाईच्या हातची भाकरी खाऊन ते वाढले होते. ते छापखान्यात आले आणि मास्तरांना म्हणाले, आता काय करायचं? त्या घडीला मास्तर एवढंच म्हणाले असते, की माझी चूक झाली, दगड बदला, तर सगळं निस्तरलं असतं. पण चूक? आणि गुरुबसप्पांची? ते म्हणाले, लग्नाचा लेखी पुरावा आहे का कुठं? चनमल्लप्पा विचारात पडले. छापलेलं एका बाजूला आणि नुसतं माहीत असलेलं दुसऱ्या बाजूला, म्हटल्यावर माणसाला छापलेलंच खरं वाटायला लागतं. शिवाय दगडाला खर्च बराच आला होता.

शिवबाईची खोली काढून घेतली. न खपलेल्या स्मरणिकांचे गठ्ठे ठेवायला जागा पाहिजे होती, ते तिथं रचले. पंगतीतलं पान गेलं. इतकी माणसं तिथं जेवायची, कुणीही यावं आणि बसावं, पण तिनं बसायचं नाही, कारण ती बसली की लोक विचारणार. ती मठाच्या दाराबाहेर, समाधीसमोर चपला काढतात त्या कट्ट्यावर राहू लागली. पंगत उठली की कोणीतरी उरलंसुरलं आणून द्यायचं, कधी विसरायचं.

ती एकदा काठी टेकत छापखान्यात आली होती. अक्कलकोट रस्त्यापासून शुक्रवार पेठेपर्यंत, विचारत विचारत. खाली बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, निंगप्पा गुरुजीनं माझं नाव घातलं हुतं म्हनं, ते कुटं गेलं? मास्तर नेहमीसारखे खोकले, चष्मा पुसला. म्हणाले, बाई, छापखान्यात खिळे हाताळताना कधीकधी गळतं काही, आमच्या ह्या इसूफच्या हातून झालं असेल.

इसूफनं वर पाहिलं. त्याचीही नोकरीच होती.

शिवबाई त्याच्याकडं तोंड करून म्हणाली, “असू दे बाबा. काम करनाऱ्याच्याच हातनं चुकतंय.” आणि काठी घेऊन उठली. इसूफ त्या दिवशी जेवला नाही. मास्तर जेवले.

दोन वर्षं गेली. शहात्तरच्या उन्हाळ्यात महादेवी गेली. तिच्यामागं घरात मास्तर आणि लेकीच्या दुरुस्त केलेल्या पत्रांची थप्पी, एवढंच उरलं. त्या वर्षीच्या पुण्यतिथीला मठानं त्यांना बोलावलं होतं, चरित्राचे संपादक म्हणून सत्कार करायला. मास्तर भर दुपारी पोचले. चपला काढल्या आणि समाधीच्या दारात उभे राहिले. फरशी तापलेली, पाय भाजत होते, धुळीनं खोकला आला. आत पंगतीची तयारी चालू होती, बाहेर कोणी नव्हतं. तेवढ्यात कट्ट्यावरनं आवाज आला, मास्तर का?

त्यांनी ओळखलं. डोळे पार गेले होते तिचे. खोकल्यावरून ओळखलं मी तुमाला, ती म्हणाली. आणि मग म्हणाली, कागदात माझं नाव न्हाय ते कळलं. दगडात तरी हाय का? लोकास्नी विचारते, तर लोक हुं म्हनून पुडं जात्यात. तुमी शिकलेलं मानूस, वाचून दाखवा की.

मास्तरांना तिथून निघायचं होतं. खरं सांगायची हिंमत नव्हती, आणि गप्प राहून चालणार नव्हतं, कारण बाईनं चाचपत येऊन त्यांच्या धोतराचा सोगा धरला होता. म्हणून त्यांनी वाचलं. दगडावर नसलेलं वाचलं. निंगप्पाच्या सहा ओळी त्यांना शब्दन् शब्द पाठ होत्या. खोडलेलं त्यांना कायम पाठ असायचं. “त्या सकाळी रेवणय्या निघाले तेव्हा त्यांची पत्नी शिवबाई चुलीपुढे होती.” ते थेट “शिवबाई आजही मठात राहतात” इथवर त्यांनी वाचलं, थांबत थांबत, जणू अक्षर लावत असल्यासारखं. दया नव्हे हो ती. पळपुटेपणा होता.

पण तिला काय ठाऊक? भाकरी झाकून ठेव, हे ऐकलं आणि तिनं सोगा सोडला. हे दोघांतलं बोलणं होतं, एका निंगप्पाखेरीज तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. दगडावर ते आहे म्हणजे दगड खरं बोलतोय. तिनं दगडाच्या दिशेनं हात जोडले. मास्तर घाईघाईनं आत गेले.

आत त्यांना शाल घातली, हार घातला. मग पंगत बसली. गव्हाची गोड हुग्गी, शेंगाची चटणी, गरम भाकऱ्या. आणि अर्धी पानं वाढून झाल्यावर गलका झाला, कारण शिवबाई भिंत चाचपत आत आली होती आणि तिच्या जुन्या जागी, खांबापाशी, बसली होती. नव्या वाढप्यानं तिला न ओळखता ताट ठेवलं आणि भाकरी वाढली. कोणीतरी दंड धरून उठवायला लागलं तेव्हा ती म्हणाली, उटनार न्हाय. दगडात लिवलंय माझं नाव. मास्तरांनी आत्ता वाचून दाखवलं.

सगळी पंगत मास्तरांकडं बघू लागली. चनमल्लप्पांचा चेहरा उतरला, आणि क्षणभर त्यांच्या डोळ्यांत काहीतरी आशेसारखंही आलं, असं पुढं एकदोघे सांगायचे. त्यांनाही ते दोन वर्षं खात असावं. ते म्हणाले, मास्तर, तुम्हीच काय ते सांगा. तुम्ही म्हणाल ते कमिटीला मान्य.

एवढं सोपं होतं. स्मरणिका समोर होती, दगड दारात होता, आणि दोन्हीपेक्षा ज्याच्या शब्दाला वजन, तो माणूस गळ्यात हार घालून बसला होता. निंगप्पाही पंगतीत होता. तो हातातला घास खाली ठेवून वाट पाहत होता.

मास्तरांनी शाल नीट केली. स्मरणिका मागवली. शेवटचं पान उघडून, चष्मा लावून, वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं: आजन्म ब्रह्मचारी होते. पाश जवळही येऊ दिला नाही. मागे रडणारे कोणी नसते.

मास्तरांनी स्मरणिका मिटली. शिवबाईनं मान आवाजाकडं वळवली.

“आन् मगा वाचलं ते कुटं हाय, मास्तर? भाकरीचं?”

मास्तर चनमल्लप्पांना म्हणाले, “मी बाहेर काहीच वाचलं नाही. वय झालंय हो तिचं. भास होतात.”

निंगप्पा खाली बघत राहिला. त्यानं घास उचलला नाही, पण तोंडही उघडलं नाही.

शिवबाईला समजलं. छापखान्यातला खिळा कुणाच्या हातून गळला होता तेही त्या घटकेला समजलं असावं, कारण ती हळूच म्हणाली, त्या इसूफची चूक मी उगाच धरली की. मग तिनं समोरचं ताट चाचपलं. भाकरी तशीच होती, घास मोडलेला नव्हता. शेजारी एक रिकामी थाळी होती ती तिनं उचलली, भाकरीवर पालथी घातली, कडा बोटांनी फिरवून नीट बसली का ते पाहिलं, आणि कुणी दंड धरायच्या आधी स्वतःच उठून भिंतीच्या कडेनं बाहेर गेली.

ती पुन्हा कट्ट्यावर दिसली नाही. वेळापूरकडं कुठंतरी गेली म्हणाले, कुणी म्हणालं सिव्हिल हॉस्पिटलात बेवारशी म्हणून नोंद झाली. खरं काय, कुणी शोधायला गेलं नाही.

पंगत खोळंबली होती. सत्काराच्या घाईत मास्तरांचं पान वाढायचंच राहून गेलं होतं, ते वाढप्याच्या लक्षात आलं. खांबापाशी ताट तयार होतं. चनमल्लप्पा मान खाली घालूनच म्हणाले, बसा मास्तर. मास्तर बसले. वाढप्यानं थाळी उचलली. झाकून ठेवल्यामुळं भाकरी अजून गरम होती, आणि मास्तरांनी ती मोडून चटणीशी खाल्ली.